चोवीस तासांचा दिवस

आमच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. नव्वदच्या दशकात ती कोल्हापूरच्या आमच्या चर्चमध्ये संडेस्कूल शिकवायची. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, बायबलात देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला, मग आधीचे दिवस मोजले कसे?" ती म्हणाली, "देवाचा दिवस आपल्याएवढा नसेल. पृथ्वी फार जुनी असेल." पाळकांनी प्रवचनाच्या व्यासपीठावरून, पुलपिटावरून, तिला भर उपासनेत उभं केलं. "चोवीस तासांचा दिवस न मानणाऱ्याला प्रभुभोजन नाही." पुढं दर प्रभुभोजनाला भाकरीचं ताट तिला टाळून जायचं, ती मान खाली घालून बसायची. तशीच ती मेली.

मग पाळकांचा मुलगा भूगर्भशास्त्र शिकून आला. त्याच पुलपिटावरून पाळक म्हणाले, "दिवस म्हणजे युगही असू शकतं." मंडळीनं माना डोलावल्या.

शिरोलीत मी भंगाराचा धंदा उभा केलाय. सौदा ठरल्यावर माप बदलणाऱ्याला मी फाटकाबाहेर घालवतो. त्याच उपासनेत मी उठून विचारलं, "मग माझ्या बहिणीचं काय?"

"दादा, बसा की," मागून कुणीतरी म्हणालं.

पाळक हसले. "झालं गेलं. देव बघंल."

देव बघेल तेव्हा बघेल. ताट तिच्यापुढून तुम्ही हलवलंत, पाळकसाहेब. उत्तर तुम्ही द्या, त्याच पुलपिटावरून.