भावजींची बोट

थळच्या कोळीवाड्यातली किशोरी बाजारात मासळी विकायची. तिचा मुलगा निकेत आधी धावताना पडायला लागला, मग उभा राहीना, मग घास तोंडापर्यंत नेववेना. स्नायू झिजत जाण्याचा आजार. दहा वर्षांचाही पुरता झाला नाही, तोच गेला.

मयताला सगळी वाडी जमली होती. पोर अजून दारात होतं, आणि तिचा थोरला दीर धाकू मोठ्यानं म्हणाला, "या बाईचंच रक्त नासकं. आमच्या घराण्यात असलं कधी झालं न्हाय." सदा, तिचा नवरा, मान खाली घालून उभा राहिला. पुढं तो भावाच्याच घरी राहायला गेला, परत आला नाही.

किशोरीला जाळत राहिलं ते वेगळंच. निकेतवर उपचार करणाऱ्या डॉक्टर हेमांगींनी तिला समजावलं होतं, की हा आजार बऱ्याचदा आईकडून मुलाला जातो, आईला त्याचा पत्ताही नसतो. "यात तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्याच अंगात लपून बसला तो," किशोरी म्हणाली. "त्याला मारायचं औषध का न्हाय?"

"आमच्या प्रयोगशाळेत संशोधन चाललंय. पण अशी मुलं थोडी, म्हणून पैसा लावायला कुणी पुढे येत नाही."

"मंग मी आणते."

पोहणं तिला लहानपणापासून येत होतं. तिनं ठरवलं, रेवसहून थेट भाऊच्या धक्क्यापर्यंत पोहायचं, आणि त्यासाठी लोक जे पैसे देतील ते हेमांगींच्या प्रयोगशाळेला. लोक हसले. ती मासळी विकून आली की समुद्रात शिरायची. खाऱ्या पाण्यानं ओठ फाटले, खांदे सुजले. एक हात मारताना ती आजाराला शिवी घालायची, दुसरा मारताना धाकूला.

पेपरात फोटो आला तसा धाकू दारात उगवला. मच्छीमार सोसायटीची निवडणूक तोंडावर होती, आणि त्याला उभं राहायचं होतं. "सोबतीला माझी बोट ने. घरचीच सून तू."

किशोरीची धाकटी बहीण मानसी त्याच्या अंगावर धावून जाणार होती. किशोरीनं तिला अडवलं. "नेते भावजी. पण सुकाणू तुम्हीच धरायचं."

धाकूनं बोटीला आपल्या नावाचा मोठा फलक लावला. उजाडता उजाडता रेवसच्या धक्क्यावरून किशोरीनं उडी घेतली. बोटीत डॉक्टर हेमांगी होत्या, आणि मानसीच्या मोबाइलवर अख्खी वाडी थेट बघत होती.

मोठ्या जहाजांच्या वाटेत लाटांनी तिला फेकून दिलं. जेलीफिशच्या डंखानं मान भाजून निघाली. मग पोटरीत गोळा आला. बोटीला हात लागला की पोहणं बाद, असा नियम; लागला असता तर सगळंच फुकट गेलं असतं.

धाकू वाकून ओरडला, "चढ वर! पुरं झालं!"

किशोरी पाण्यात उभी तरंगत राहिली. "भावजी, मयताला काय बोललात ते बोला. वाडी ऐकतेय."

"आत्ता? पाणी फिरंल गं, ओढ उलटी लागंल!"

"फिरू दे. तुम्ही बोलेस्तोवर मी हितंच."

धाकूनं हेमांगींकडं बघितलं, मग मोबाइलकडं. सुकाणू सोडून पळायला जागा नव्हती. "मी बोललो... हिचं रक्त नासकं."

"कुणाला बोललात?"

"पोराच्या आईला."

"पोर कुठं होतं तवा?"

"दारात. तिरडीवर." मग घाईघाईनं म्हणाला, "चुकलो मी."

"ते मी इचारलं न्हाय," किशोरी म्हणाली, आणि पाण्यात तोंड घालून पुढं निघाली.

दुपारी ती भाऊच्या धक्क्याला लागली. धाकूनं पुढं केलेला हात टाळून ती पायऱ्यांवर गुडघ्यांनी चढली. जमलेल्या पैशांतून हेमांगींच्या प्रयोगशाळेत त्या आजारावर नवं काम उभं राहिलं. औषध अजून सापडलेलं नाही. धाकू निवडणुकीला उभाच राहिला नाही.

अंगावरची सूज उतरली तशी किशोरी त्याच्या दारात गेली. तो जाळं सोडून उठला. त्याला वाटलं, माफ करायला आली.

"आजार अजून जित्ता हाय भावजी," ती म्हणाली. "पुढल्या साली परत जायचंय. बोट तयार ठेवा."

धाकू म्हणाला, "व्हय."

ती वळली आणि पोहायला निघून गेली.