डोळ्यांसाठी तळपायाला तूप

अप्पांचे डोळे गळायला लागले ते भात झोडपायच्या दिवसांत, म्हणून सगळ्यांनी दोष धुळीला दिला. पण झोडपणी संपली, पेंढा रचून झाला, संक्रांत होऊन गेली, तरी पाणी काही थांबेना. खांद्यावरचा टॉवेल सारखा डोळ्याला. पारावरची म्हातारी टाळकी चेष्टा करायची, "अप्पा, कांदं कापून आला का काय?" अप्पा फटकन म्हणायचे, "रडतंय कोन? डोळं गळत्यात."

त्याआधीच्या जूनमध्ये माझा दादा गेला होता. कामशेतच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. अप्पा रडले नाहीत. सरणाची लाकडं रचण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं त्यांनी उभं राहून केलं, आणि लोक म्हणाले, धन्य आहे बापाची! आई आमची फार आधीच गेलेली. तेरावा झाल्यावर चुलत्यांनी वहिनीला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "म्हाताऱ्याम्होरं त्याचा इषय काढायचा न्हाई. काळजाला लागंल." आम्ही शहाण्या बायका! वहिनीने दादाचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली सरकवला. बोलता बोलता त्याची आठवण निघायला आली की ती खोकल्यासारखं करायची आणि मी भाजीचं काहीतरी विचारायचे. आठवलं की माझा मलाच राग येतो.

मला तर गप्प राहणं सोयीचंच होतं. दादा आणि अप्पा शेवटचे चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आमचं गाव बेडशाच्या पुढे, पवनेच्या धरणाच्या बाजूला. तिथल्या दोन खाचरांत दादाने पर्यटकांसाठी तंबू टाकले. शनिवार-रविवार गाणी, शेकोट्या, सकाळी बांधावर बाटल्या. "माज्या भाताच्या खाचरात तमाशा मांडलाय ह्यानं," असं अप्पा चारचौघांत बोलले. दादाने समोरचं ताट सरकवलं आणि वहिनीला घेऊन तो कामशेतला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. वहिनी अप्पांकडे परत आली ती तो गेल्यावरच. दोघंही एका मातीचे, माघार कुणी घ्यायची?

आणि ज्या दिवशी तो गेला, त्या सकाळी त्याने मला फोन केला होता. माझं सासर वलवणला, नोकरी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरला. "अप्पांना सांग, तंबू काढतोय. लावणीला मी येतो," असं तो म्हणाला. तासाभरात तो नव्हताच. तो निरोप माझ्यापाशीच राहिला. आता सांगून म्हाताऱ्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला धीर नव्हता.

लोणावळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिचकारीने पाणी सोडून बघितलं. पाणी जायची वाट मोकळी आहे, म्हणाले, आणि थेंब दिले. दीड महिना थेंब घातले, फरक शून्य. मग वहिनी म्हणाली, कामशेतच्या बाजारपेठेत एक वैद्यबाई बसतात, त्यांना दाखवू. गेलो. बघते तर बाई माझ्या भाचीच्या वयाची! मनात म्हटलं, ही काय नाडी बघणार. पण तिने तासभर घेतला. पाणी पातळ येतं का चिकट, गार का गरम, सकाळी जास्त का उन्हात, रात्री दही खाता का, चुलीपुढे बसता का, झोप लागते का. झोपेचं विचारल्यावर अप्पांनी टॉवेल डोळ्याला लावला. मग तिने सहज विचारलं, "आबा, शेवटचं कधी रडलात?"

"पुरुष मानूस हाय मी," अप्पा म्हणाले आणि उठून चपला शोधायला लागले.

ते बाहेर गेल्यावर तिने मला थांबवलं. शिंक, जांभई, भूक, तहान जशी अडवू नये, तसं रडूही अडवू नये, असं आमचा ग्रंथ सांगतो, म्हणाली. अडवलेल्या अश्रूंनी डोळे बिघडतात, छाती जड होते, अन्न गोड लागत नाही. "शंभर टक्के हेच आहे असं मी म्हणत नाही. पण उपाय करून बघू." त्रिफळ्याच्या काढ्याने डोळे धुवायचे, काढा फडक्यातून दोनदा गाळायचा. संध्याकाळी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. तळपायाच्या शिरा डोळ्यांना मिळतात म्हणे. "आणि ह्या दुखण्याला ग्रंथातच सांगितलंय, झोप आणि प्रिय गोष्टी. मद्यही सांगितलंय, पण ते मी लिहून देणार नाही."

"प्रिय गोष्टी म्हणजे?"

"जो गेलाय त्याच्या. पाय चोळताना त्यांच्याशी बोला."

"तुम्ही औषध तेवढं लिहून द्या," मी म्हणाले. किती तुटक बोलले मी त्या पोरीशी! तिने कागद लिहून माझ्या हातात दिला.

औषधात मात्र आम्ही कसूर केली नाही. काढा वहिनी करायची. पाय रोज तीच चोळायची, आणि माझ्या सुट्टीच्या गुरुवारी मी. वाटी फिरून फिरून तूप काळं पडलं की अप्पा खूश व्हायचे. "बघ, उष्णता निगाली." त्यांना झोप जरा बरी लागायला लागली, पण डोळे गळायचे ते गळतच होते. पाय चोळताना मी टीव्ही लावून ठेवायचे. महिन्याने वैद्यबाईंनी विचारलं, "बोलता ना त्यांच्याशी?" "बोलते की," मी ठोकून दिलं.

दादाचं वर्षश्राद्ध झालं. लावणीचे दिवस आले. वाफ्यातली रोपं वीतभर झाली होती. त्या गुरुवारी संध्याकाळी लाइट गेलेली, टीव्ही बंद. अप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले, त्यांचा उजवा पाय माझ्या मांडीवर. बाहेर बघत ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "औंदा लावनीला कोन येतंय, कुनाला ठावं."

माझ्याने राहवलंच नाही. एका दमात बोलून टाकलं. "अप्पा, त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला होता मला. तंबू काढतोय म्हणाला. लावणीला येतो, अप्पांना सांग म्हणाला."

मला वाटलं, आता पाय ओढून घेतील, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

"आठ वाजले असतील."

"मला साडेसातला आलता."

मला कळेचना.

"आदी मला केलता त्यानं. फोन हातातच व्हता. त्याचं नाव दिसत व्हतं. म्हनलं, वाजू दे जरा. चार म्हयनं झालं, आता वाजू दे. दोनदा वाजला, मग थांबला."

वाटी माझ्या हातातच राहिली. वर्षभर हा माणूस हे पोटात घेऊन हिंडत होता, आणि आम्ही म्हणे त्याला जपत होतो! कसलं डोंबलाचं जपणं. एका शब्दाने कुणी विचारलं नाही त्याला.

"आनि काय म्हनला त्यो?"

आणखी काही म्हणालाच नव्हता. म्हणजे म्हणणार होता. "आणि ऐक ना," असं त्याने सुरू केलं होतं, तेवढ्यात काउंटरला गर्दी झाली, आणि मी "दादा, नंतर बोल" म्हणून फोन ठेवला होता. हे कुठल्या तोंडाने सांगू?

"म्हणाला, अप्पा वेळेवर जेवतात का बघत जा," मी म्हणाले. "म्हणाला, अप्पांचंच खरं होतं. खाचरात भातच पाहिजे."

अप्पांनी टॉवेल तोंडावर घेतला. आधी नुसते खांदे हलले. मग आवाज फुटला, मोठा, ओबडधोबड. असा आवाज मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. वहिनी आतून धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून बसले. बऱ्याच वेळाने टॉवेलातूनच त्यांनी विचारलं, "आसं म्हनला?"

"हो अप्पा," मी म्हणाले. "अगदी असंच म्हणाला."