पकडमास्तर

माझे वडील कुणाशीही बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. नवीन माणसाला वाटे, आपल्या जोड्याला शेण लागलंय की काय, आणि तो हळूच पाय उचलून बघे. मला बघायला धुळ्याची मंडळी आली होती, तेव्हाही आबा मुलाच्या पायांकडेच बघत बसले. मंडळी गेल्यावर आत्याने विचारलं, "मुलगा कसा वाटला?" आबा म्हणाले, "भार टाचेवर टाकतो. मागे सरणारा आहे. पोरीला मारणार नाही." लग्न झालं. मला त्यांनी खरंच कधी मारलं नाही. दीड वर्षात ते तापाने गेले आणि मी परत आबांकडे आले.

आबा हुतूतू शिकवत. सगळा खेळ नव्हे, फक्त पकड. चढाईचा गडी एका दमात हुतूतू म्हणत पलीकडच्या बाजूत शिरतो, कुणाला तरी शिवून मधल्या रेघेकडे पळतो. त्याला तिथल्या तिथे धरायचं आणि त्याचा दम तुटेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच आबा शिकवत. सगळ्या खानदेशात त्यांना पकडमास्तर म्हणत. पत्रंसुद्धा त्याच नावाने येत आणि पोस्टमन ती बरोबर आमच्याकडे आणून देई.

त्या काळी कापसातली सरकी काढणाऱ्या जीन कारखान्यांच्या मालकांना आपापला संघ असावा अशी हौस असे. आबा नावाला जीनचे दरवान असत, खरं काम संध्याकाळी मैदानात. राहायची खोली संघाबरोबर मिळे आणि संघ हरला की जाई. शिरपूर, धुळे, अमळनेर, जामनेर, परत धुळे, शेवटी जळगाव, असं आमचं बिऱ्हाड फिरलं. जिंकलं तर हार चढाईवाल्याच्या गळ्यात पडे, हरलं तर लोक म्हणत, पकड ढिली. आई एकदा म्हणाली होती, "पुढच्या साली कोणत्या गावात हरायचं ते आत्ताच सांगा. मग मी लोणचं घालायचं की नाही ते ठरवते." आबा हसले होते. मानमोडीच्या साथीत आई गेली. माझी चौथी झाली होती. शाळा सुटली आणि चूल माझ्याकडे आली.

जळगावच्या खोलीची मागची खिडकी मैदानावर उघडायची. बायकांनी खेळ बघायची रीत नव्हती, पण भाकरी करताना खिडकी बंद कोण करतं? आबा भिजवलेल्या सरकीचं पोतं गड्यांना धरायला लावत. ते निसरडं पोतं दोघांनी ओढायचं आणि एकाने सोडायचं नाही. कधी म्हशीचं पारडू आणत. पारडू जागचं हलता कामा नये आणि ओरडताही कामा नये. ओरडलं तर आबा गड्याच्या पोटरीवर छडी मारत. "धरायला सांगितलं, दुखवायला नाही."

दोघांचं भांडण असलं तर ते त्यांची मनगटं फेट्याच्या पट्टीने एकत्र बांधत आणि दिवसभर तसंच ठेवत. पकड करताना गडी हात धरून साखळी करतात, तिच्यात हात सुटता कामा नये, म्हणून. एकदा असे बांधलेले दोघे पाणी प्यायला आमच्या दारात आले. एक म्हणाला, "अक्का, याला आधी द्या, नाहीतर हा माझा हात हलवून माझं पाणी सांडेल." दुसरा म्हणाला, "सांडेन कशाला? याचं तोंड धुतलं जाईल ना." मी आतूनच तांब्या पुढे सरकवला. माझं हसू त्यांना दिसू दिलं नाही.

आबांचं एक वाक्य गड्यांना पाठ होतं. "दया आली की बोट ढिलं पडतं. दम तुटल्याशिवाय सोडायचं नाही." हेच वाक्य आमच्या घरात पुढे कुणी उच्चारलं नाही.

दगडू आमच्याच संघाचा चढाईवाला. माणसं मूळची अमळनेरकडची. घरी विधवा आई आणि हा एकटा. गिरणीत विणकर होता, बावीस-तेवीस वर्षांचा, आणि त्याचा दम मोठा होता. एकदा सरावाच्या वेळी पकडवाल्यांनी त्याला दोन्ही घोट्यांना आणि कंबरेला धरलं. मी खिडकीतून बघत होते. कंबर एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, असा तो पिळला गेला होता. मातीत तोंड गेलं तरी त्याचं हुतूतू थांबेना. हट्टी होता. दम सोडला असता तर पोरांनीही सोडलं असतं. आबा दोन पावलांवर उभे होते. ते काही बोलले नाहीत. मग दगडू एकदा ओरडला, आणि पोरं बाजूला झाली. तो उठला नाही.

कंबरेखाली त्याचं अंग गेलं ते गेलंच. हाडवैद्य झाला, मिशनचा डॉक्टर झाला. मालकाने महिनाभर दूध पाठवलं आणि दुसरा चढाईवाला आणला.

बऱ्याच दिवसांनी जेवता जेवता आबा माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "पकड इतकी सुरेख बसली होती, की मी बघतच राहिलो." मी वाढत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि उठले.

ते रोज सकाळी दगडूच्या घरी जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्याच्या आईने दार अडवलं. "कसाले येतस, मास्तर? मना पोऱ्या उभा राही का आते?" आबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि थोड्या वेळाने परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंधरा-वीस दिवस असं चाललं. म्हातारीला एकटीला तो उचलवत नव्हता आणि त्याच्या पाठीला जखमा पडायला लागल्या होत्या. शेवटी एक दिवस ती दारातून बाजूला झाली. तेव्हापासून आबा त्याला उचलत, अंग पुसत, कूस बदलत, घोंगडी झटकत. दगडू भिंतीकडे तोंड करून असे. तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. शिरपूरहून चांगलं बोलावणं आलं, अमळनेरहून आलं. आबांनी जळगाव सोडलं नाही.

संघ मात्र ते शिकवत राहिले. पोट होतं, आणि दुसरं काही येत नव्हतं. असा अकरा-बारा वर्षांचा काळ गेला. मग धुळ्याला एक मोठा सामना झाला. शेवटची चढाई होती आणि धुळ्याचा गडी आमच्या पोरांनी रेघेजवळ पक्का धरला होता. त्याचा दम संपत आला होता, बक्षिसाची ढाल आमचीच होती. तेवढ्यात आबा बाहेरून ओरडले, "सोडा! सोडा त्याला!" पोरांना आबांचा आवाज ऐकायची सवय. हात सुटले, आणि तो गडी सरपटत जाऊन रेघेला टेकला.

हे मला परत आलेल्या पोरांनी दारात उभं राहून सांगितलं. एकजण रडत होता. मालकाने आबांना विचारलं म्हणे, "मास्तर, तुम्ही आमचे की धुळ्याचे?" मग गावभर झालं, की मास्तरने पैसे खाल्ले. मी त्यांना म्हटलं, "आबा, खरं काय ते सांगा ना लोकांना." ते म्हणाले, "त्याची मान खाली दुमडली होती. पंचाला दिसत नव्हती, मला दिसत होती." हे त्यांनी बाहेर कुणालाही सांगितलं नाही. म्हणायचे, "हरलेल्या पोरांना कारण देऊन काय करायचं?"

खोली गेली. दगडूच्या गल्लीच्या टोकाला आम्ही भाड्याची एक खोली घेतली आणि आबा साठीच्या वयात केळीच्या वखारीत घड वाहायला लागले. बाजारातून जाताना मागून हाक येई, "ओ सोडमास्तर, घड सोडू नका बरं का." हाक मारणाऱ्यांत त्यांनी शिकवलेली पोरंही असत. दगडूची आई एकदा नळावर मला म्हणाली, "बठ्ठा हासतस तुना बापले." सगळे हसतात, हे मला ठाऊक होतं. माझी भरलेली घागर उचलून तिने माझ्या कमरेवर दिली.

मग आबांना खोकला लागला. दगडूला उचलताना त्यांना मध्ये थांबावं लागे. एके दिवशी ते वखारीतून लवकर आले, खोलीत सतरंजी टाकली आणि तिच्यावर आडवे झाले. म्हणाले, "मला उचल."

मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही. मी घाबरले.

"मी दगडू आहे असं समज. पाय मेलेले आहेत. उचल."

मी मनगटं धरली. "मनगट नको. हात निखळेल. काखेखालून घाल. तुझा गुडघा माझ्या पाठीला दे. आता तू उठू नकोस, मला तुझ्याकडे येऊ दे." मला लाज वाटत होती. बापाच्या अंगाला असा हात मी लहानपणानंतर लावला नव्हता. ते चुका सांगत राहिले आणि खोकत राहिले. आठ दिवस रोज हेच. मी एकदाच विचारलं, "लोक काय म्हणतील, आबा? परका पुरुष, आणि मी अशी." ते म्हणाले, "म्हणतील." आणि पुन्हा आडवे झाले.

चैत्रात ते गेले. खांदा द्यायला वखारीतले हमाल होते. संघातले दोघे आले आणि लांब उभे राहिले.

सुतकात दहा दिवस दुसऱ्याच्या घरात जायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण आबा गेले त्या दिवशी दगडूला कुणी हलवलं नव्हतं. आदल्या दिवशीही आबा उठले नव्हते. उन्हाळ्यात त्याची पाठ किती दिवस टिकेल, हे आबांनी मला सांगून ठेवलं होतं. दहा दिवस ती टिकली नसती. मी रात्रभर आत्याशेजारी पडून राहिले. सकाळी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बाहेर पडले. आत्या म्हणाली, "कुठे निघालीस?" गल्लीत नळावर बायका होत्या. त्यांचं बोलणं थांबलं ते मला ऐकू आलं.

दगडूची आई दारात बसली होती.

"तुले सुतक शे ना?"

मी मान हलवली.

तिने नळाकडे बघितलं, मग आत बघितलं. भिंतीला धरून उठली. "मझार ये."

आत वास येत होता. दगडू भिंतीकडे तोंड करून पडला होता. आता तो तरुण राहिला नव्हता, दाढीत पांढरं होतं. मी खाली बसले आणि त्याच्या काखेखालून हात घातले. त्याच्या पाठीला गुडघा दिला, आणि तो हलेना. आबांपेक्षा तो जड होता. मी पुन्हा धरलं.

"डावा हात आखो खाले ले," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "मास्तर तठे धरेत."

मी हात खाली घेतला आणि त्याला उचललं.