झाडाच्या वाटणीचं पाणी

माझा भरलेला हंडा सुपरवायझरने पायाने लोटला. पाणी रोपाच्या आळ्यात गेलं. म्हणाला, "झाडाचं पाणी आहे ते. तुझ्यासाठी नाही मागवलं."

टँकर नेरे गावाच्या बाजूने रोज वर यायचा. त्याच्याच पाइपने मी सकाळपासून रोपं भिजवत होते. सुट्टी झाली तेव्हा उरलेलं पाणी हंड्यात घेतलं, एवढाच माझा गुन्हा. बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. रिकामा हंडा उचलला, घरी आले. सासूला म्हटलं, आज पाणी नाही.

आमची ठाकरांची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. वर सगळा गवताचा उतार, खाली ओढ्यात आमचा डवरा. डवरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा, त्यात पाणी झिरपून येतं. शिमग्यानंतर आम्ही बाया मिळून त्यातला गाळ काढायचो, की पावसापर्यंत वाडीला पुरायचं. मग एका कंपनीने अख्ख्या उतारावर ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या, एकमेकींना खेटून. खड्डे आम्हीच मारले. दारात मजुरी आली, कोण नाही म्हणणार? झाडं भराभर वाढली. डवरा आधी वैशाखात आटायला लागला, मग चैत्रात. यंदा शिमग्यालाच हाताला नुसती ओली वाळू लागली. तरी कंपनीची नवी रोपं येतच होती, त्यांना टँकर होता. सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणे झाडं लावली की पाणी वाढतं, शाळेत गेली नाहीस का. वाढत असेल कुठे. आमचं गेलं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

हंडा लोटला त्यानंतर थोड्याच दिवसांत झाडं बघायला कंपनीचे पाहुणे आले. मोठ्या गाड्या, डोक्यावर सारख्या टोप्या. मला हिरवी साडी नेसवून पुढे उभं केलं. झाडांमुळे वाडीला पाणी आलं असं बोल, असं सुपरवायझरने दोनदा पढवलं होतं. सासू शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "बोलून टाक गं. नायतर मजुरी बुडंल."

माइक हातात आला. अंगात काहीच नव्हतं, भीतीसुद्धा नाही. मी म्हटलं, "आमचा डवरा आटलाय. या झाडांनी आटवलाय. मी खोटं नाय सांगणार."

सुपरवायझरने माइक काढून घेतला. पाहुण्यांतली एक बाई मोठ्या मायेने म्हणाली, "अडाणी आहेत बिचारी."

बिचारी. हंड्याला बसलेली ती लाथ लागली नव्हती तेवढा हा शब्द लागला. लाथ मारणाऱ्याला निदान मी दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. नवरा कळंबोलीच्या बाजारात लोखंड उचलतो, त्याच्या एकट्याच्या हमालीत घर भागत नाही. ते मला ठाऊक आहे.

आता पावसात डोंगराच्या पलीकडच्या बाजूलाही कंपनी बाभळी लावणार आहे. त्याच बाजूला खाली वाडीचा दुसरा डवरा आहे, लांबचा, पण आता शेवटचा. लावणी अडवायला चला म्हणत मी घरोघर गेले. काही बाया येते म्हणाल्या, काहींनी दार ओढून घेतलं. कंपनी बाहेरून मजूर आणेल. आणू दे. मी त्या गवतात जाऊन बसणार आहे, कुणी आलं तर त्यांच्यासोबत, नाही आलं तर एकटी. खड्डा मारायचा असेल तर आधी मला उठवावं लागेल. मी उठणार नाही.