न उचललेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मृणालला, माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड आहे ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. सांगायला बसलोय, एवढं खरं.

पण आधी थोडी बढाई मारू द्या. त्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि खरं म्हणजे मला ती मारायचीच आहे.

मी सिंगापूरमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळलो. मी, पुण्याचा, शाळेच्या खो-खो संघातसुद्धा कायम राखीव. तुआसला जहाजांचे व्हॉल्व्ह तपासायची नोकरी, बेडोकला भाड्याचा फ्लॅट, पोट सुटायला लागलेलं. ऑफिसमधला एक अमेरिकन रविवारी टीमला माणूस कमी पडतोय म्हणून मला घेऊन गेला, आणि मी तिथलाच झालो. माझी जागा लाँग स्नॅपरची. म्हणजे काय? चेंडूला लाथ मारून गुण मिळवायची वेळ आली की एक माणूस खाली वाकतो. समोर त्याला तुडवायला टपलेले धिप्पाड गडी, आणि त्याने बघायचं मात्र स्वतःच्या दोन पायांमधून, मागे. तिथून चेंडू फिरकी देत मागे सोडायचा — हाच स्नॅप. मागे गुडघा टेकून बसलेला होल्डर तो झेलतो, जमिनीवर उभा धरतो, आणि किकर लाथ मारतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं संपतं. टाळ्या किकरला. स्नॅपर तेव्हा गवतात तोंड खुपसून पडलेला असतो.

आणि मी यात उत्तम होतो — बरा नाही, उत्तम. चेंडूला एका बाजूला शिवण असते, ती किकरच्या पायाकडे आली तर लाथ फसते. माझा चेंडू होल्डरच्या हातात पडायचा तोच शिवण पुढे घेऊन, त्याला फिरवावासुद्धा लागत नसे. हे काय आपोआप येतं? आमच्या ब्लॉकखाली चेंडू खेळायला बंदी, म्हणून रोज कामावरून आलो की समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट पार्कात गवतावर जायचो. मुलगी गुडघा टेकून समोर बसायची आणि कुरकुरायची, "पापा, सो फास्ट फॉर व्हॉट?" मृणाल म्हणायची, सगळं जग पुढे बघून चालतं, आमचे हे पायांतून मागे बघतात. म्हणू दे. चाळिशी उलटल्यावर एखादी गोष्ट आपल्यासारखी कुणालाच जमत नाही हे कळणं — हे सुख ज्याला मिळालंय त्यालाच ठाऊक.

आमच्या टीममध्ये एक पद्धत होती. लाथ फसली तर मैदानाबाहेर येईपर्यंत ज्याची चूक त्याने आपला हात वर करायचा. दुसऱ्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही. हात वर केला की विषय संपला, पाठीवर थाप, पुढचा खेळ. किकरने हात कितीदा वर केला असेल. होल्डरनेही केला. मी कधीच नाही. तशी वेळच आली नव्हती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. नवीन पोरांना कोच माझ्याकडे दाखवून सांगायचा.

होल्डर होता मंदार. सांगलीचा, इथे विद्यापीठात संशोधन करायला आलेला, माझ्याहून बराच लहान, एकटा. मीच त्याला टीममध्ये आणलं. त्याला या शहरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सराव झाला की तो आमच्याबरोबर बेडोकच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, यायचा, मग घरी, मग वरणभात. मला अभयदादा म्हणायचा. पाण्यात पडलेल्या माणसाने फळकूट धरावं तसा तो ती टीम धरून होता — आणि हे मला दिसत होतं, दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग ती सेमीफायनल. विजांच्या धोक्याचा भोंगा वाजला म्हणून खेळ थांबला, पाऊस पडून गेला, पुन्हा सुरू झाला. शेवटची लाथ, बसली तर जिंकलो. वाकण्याआधी कोच ओरडला की हात पुसून घे. कमरेला टॉवेल होता. मी नाही पुसले. मला काय गरज?

चेंडू सुटतानाच कळलं. उजवीकडे, आणि खाली. मंदारने अक्षरशः अंग झोकून तो अडवला, निसटता निसटता उभा केला, पण तोवर समोरचे किकरच्या अंगावर पोचले होते. हरलो. किकरची नजर जमिनीवरच्या जागेवर, बाकीच्यांची समोरच्या गड्यांवर — चेंडू माझ्या हातून कसा गेला हे दोघांनीच पाहिलं, मी आणि मंदारने. इतरांनी पाहिला तो मंदारच्या हातातून निसटणारा चेंडू.

मैदानाबाहेर यायला किती वेळ लागतो? पुष्कळ. मंदार माझ्या बाजूने चालत होता, माझ्याकडे बघत. वाट बघत. हात एवढा जड असतो? मी चालत राहिलो. मैदानाच्या कडेच्या पट्टीपाशी त्याने स्वतःचा हात वर केला.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण कोचने मला विचारलं, आणि मी म्हणालो, "स्नॅप ठीक होता." आणि तेवढ्यावरही थांबलो नाही. सगळ्यांच्या समोर, मोठ्या भावाच्या आवाजात, मी मंदारला म्हणालो, "ओलं असलं की हात पुसून घेत जा रे."

तो म्हणाला, "हो दादा."

पुढच्या हंगामात होल्डर बदलला. मंदार थोडे दिवस बाकावर बसायला येत राहिला, मग लॅबमध्ये काम वाढलंय म्हणाला, मग वरणभातालाही येईना. मृणालने विचारलं की काय बिनसलं. मी म्हणालो, पोरं मोठी होतात. मी मात्र खेळत राहिलो आणि पूर्वीपेक्षा चांगला खेळलो. त्याचा अभिमान आजही आहे, तो काही केल्या जात नाही.

यंदा गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर थांबलो. कोचच्या कॉन्डोत दुपारी बार्बेक्यू ठेवला होता. मंदारला मीच फोन करून बोलावलं, का ते विचारू नका. कोचने भाषण केलं — इतकी वर्षं, आणि एकही खराब स्नॅप नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंदारनेही वाजवल्या. माझी छाती फुगली. त्याच्याकडे बघत असतानाच फुगली.

नंतर त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. सगळं ठरवून गेलो होतो. म्हणालो, "मंदार, त्या सेमीफायनलला —"

"नको दादा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तू बोललास की मला 'असू दे' म्हणावं लागेल. मला नाही म्हणायचं ते."

बस आली. तो चढला, कार्ड टेकवलं, पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. मी बोललो नाही. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.