तात्याशिवायचा फुलपाखरू बँड

किसनतात्या मिरवणुकीत उलटा चालायचा. म्हणजे तोंड आमच्याकडे, बँडकडे, आणि पाठ रस्त्याकडे. हातात खुळखुळा, अंगात लाल कोट, आणि पाऊल मागे मागे. नवरदेवाच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आमच्या माण गावचा अख्खा रस्ता तो असा उलट पावली जायचा. वाटेत शेणाचा पो येवो, उघडं गटार येवो, नाहीतर कुणाची बांधलेली म्हैस येवो, मागे न बघता बरोबर बगल द्यायचा. पंचवीस वर्षांत तो एकदाच पडला, आणि तोही सरळ चालताना, स्वतःच्या अंगणात.

असं का चालता म्हणून मी त्याला एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाला, "पाठ दावायची ती रस्त्याला दावावी रामा. मान्साला कशापायी?" मला वाटलं, नुसती बोलायची ढब. तात्या अशी वाक्यं दिवसाला दहा टाकायचा.

बँड त्यानंच काढला. काढला म्हणजे काय, तो पुण्याच्या जुन्या बाजारात पाण्याच्या मोटारीचा पंखा आणायला गेला आणि पंखा न आणता नऊ लाल कोट घेऊन आला. कुणाचे होते देव जाणे. प्रत्येकाच्या खिशावर पिवळ्या दोऱ्यानं एक फुलपाखरू भरलेलं होतं. आक्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं की पंखा कुठाय. तात्या म्हणाला, बँड काढतोय. मग एक कोट स्वतःला ठेवून उरलेल्या आठ कोटांची माणसं शोधायला तो गावभर फिरला. ज्याला कोट बसेल त्याला घ्यायचं, वाद्य नंतर बघू, असा एकूण कारभार. मला मधल्या मापाचा कोट चपखल बसला आणि तात्यानं जाहीर केलं, "ह्याला क्लॅरिनेट." मी क्लॅरिनेट तोवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्यात मोठा कोट शंकरला झाला म्हणून त्याच्या गळ्यात ढोल आला, आणि बाळूच्या बाह्या आखूड पडल्या म्हणून त्याला ट्रंपेट. हात वर धरले की आखूड बाह्या कळत नाहीत, हे तात्याचं शास्त्र. पौडच्या एका म्हाताऱ्या वाजंत्र्याकडे दोन महिने जाऊन आम्ही शिकलो. बँडचं नाव खिशावर आधीच भरून आलेलं होतं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

स्वतःला तात्यानं खुळखुळा ठेवला. आता खुळखुळ्याला काय लागतं? ताल. नेमका तोच तात्याकडे नव्हता. ढोल एकीकडे आणि खुळखुळा भलतीकडे, अशी पहिली लग्नसराई आम्ही काढली. शेवटी दुसऱ्या वर्षी शंकरनं आणि बाळूनं गुपचूप खुळखुळ्याचं बूड उघडलं आणि आतले सगळे छर्रे काढून फेकून दिले. पुढची तेवीस वर्षं तात्या मुका खुळखुळा हलवत राहिला, घामाघूम होईपर्यंत. ढोलाच्या दणक्यात कुणाला काय ऐकू येतंय? आणि आम्ही आठजण एकमेकांकडे बघणं टाळत वाजवत होतो. कधी कुणाला हसू फुटलंच तर ट्रंपेटमधून ते भलत्याच आवाजात बाहेर पडायचं.

पण मिरवणूक चालायची ती त्या मुक्या खुळखुळ्यावरच. तात्यानं तो डोक्यावर धरला की बँडनं जागच्या जागी थांबायचं आणि वाजवत राहायचं. तो कुठे थांबवायचा? तर रुसलेल्याच्या दारात. लग्न म्हटलं की भावकीत कुणीतरी रुसतंच. कुणाचं पत्रिकेत नाव खाली येतं, कुणाला आहेरात नुसती टोपी देऊन बोळवल्यासारखं वाटतं, कुणाला हळदीला बोलवायचं राहून जातं. तो माणूस मग दार लोटून घरात बसतो, आणि मिरवणूक दारावरून जाताना फटीतून बघतो. तात्याला हे सगळं ठाऊक असायचं. उलटं चालताना त्याला बँडमागची सगळी गर्दी दिसायची. कोण आलंय आणि कोण नाही, याची हजेरी तो चालता चालता घ्यायचा. मग नेमक्या दारापुढे खुळखुळा वर. आतला बाहेर येऊन नाचल्याशिवाय आम्ही तिथून हलायचो नाही. एकदा एक चुलता चिडून गोठ्यात जाऊन बसला. तात्यानं अख्खा बँड गोठ्यात नेला. शंकरचा ढोल दारातून आत जाईना, तर त्याला खिडकीशी उभा केला. चुलता बाहेर आला, नाचला, नवऱ्या पुतण्याच्या गळ्यात पडून रडला. त्याच्या म्हशीनं मात्र दोन दिवस दूध दिलं नाही.

"नवरा काय, घोड्यावर बसलाय, त्यो जातोच हाय मारुतीला," तात्या म्हणायचा. "मिरवनूक रस्त्याच्या दोनी अंगच्या लोकांची असतीया." त्यामुळे अर्ध्या किलोमीटरला आम्हाला अडीच तास लागायचे, मुहूर्त हुकायचा, आणि भटजी आमच्याकडे बघायचे नाहीत.

पुढे माणच्या शेतांवर कंपन्या आल्या, आमच्या घरांच्या चार-चार मजली इमारती झाल्या, वर भाडेकरू आले, आणि लग्नात डीजे आला. डीजेच्या गाडीकडे तात्या पहिल्यांदा बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, "आवाज लई हाय. पर दारात थांबायची अक्कल न्हाई." त्या वर्षी आम्हाला दोनच सुपाऱ्या आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. कोट आक्काच्या ट्रंकेत गेले.

त्याच सुमाराला माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, बिनसलं. कारण सांगायची लाज वाटते, पण सांगतो. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी इमारती बांधल्या आणि दोघांनीही, एकमेकांना न विचारता, आपापल्या इमारतीला आईचं नाव दिलं. एकाच रंगाच्या दोन इमारती, दोन्हींवर 'सखूबाई निवास'. दादाच्या भाडेकरूंची पार्सलं माझ्याकडे, माझ्या भाडेकरूंची बिर्याणी त्याच्याकडे. पाटी तू काढ, दादा म्हणाला. मी म्हणालो, तू काढ. आई काय तुझी एकट्याची? या एका वाक्यावर सात वर्षं गेली. रस्त्यात समोरासमोर आलो तरी आम्ही मोबाइल काढून बघायचो.

तात्यानं आमच्यासाठी जंग जंग पछाडलं. बँडच्या शेवटच्या दोन सुपाऱ्यांत मिळून तो तीनदा दादाच्या दारात थांबला. मी स्वतः तिथे उभा राहून क्लॅरिनेट फुंकलं, मनात नसताना. दादानं काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. तिसऱ्या वेळी तात्यानं खुळखुळा खाली घेतला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला माझीच शरम वाटली.

गेल्या वर्षी तात्या गेला. दुपारचं जेवण करून आडवा झाला तो उठलाच नाही. त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "माणमदली समदी दारं उघडली मी. तुज्या भावाचं तेवडं ऱ्हायलं बघ." मी विषय बदलला. अजूनही ते आठवलं की जेवण गोड लागत नाही.

यंदा तात्याच्या नातवाचं, ओंकारचं लग्न ठरलं. पोरगा कंपनीत कामाला, पण हट्ट धरून बसला की डीजे नको, आजोबांचा बँड पाहिजे. आम्ही सातजण उरलो होतो. आक्काच्या अंगणात जमलो, ट्रंक उघडली, कोट बाहेर काढले. एकाचंही बटण लागेना. शंकरच्या कोटात आता शंकरचा निम्माच भाग मावत होता. बाळू पाण्याचे टँकर चालवतो, त्यामुळे त्याच्या हाताला ट्रंपेटपेक्षा गिअरची सवय. पहिला सूर काढताना त्यानं कोपर असं काही मागे ओढलं की आम्ही सगळे हसून बेजार झालो.

पण मग त्यानंच विषय काढला. तात्या नाही तर हा फुलपाखरू बँड म्हणायचा का? त्याचं म्हणणं, कोट घाला, पण नाव लावू नका. शंकर उखडला. म्हणाला, तात्या वाजवत काय होता? छर्रे आपणच काढले की. आवाजात एक कण फरक पडला तर सांग. आणि बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आक्का मागेच उभी आहे.

आम्ही माना खाली घातल्या. आक्का शांतपणे म्हणाली, "त्यान्ला ठावं हुतं. दुसऱ्याच दिवशी कळलं हुतं. म्हनलं, बरं झालं, आता हात दारं उघडाय मोकळा." आणि आम्हाला चहा द्यायला ती आत गेली. तेवीस वर्षं आपण कुणाला फसवत होतो, हे आम्हाला त्या चहाबरोबर कळलं. नाव लावायचं ठरलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी चारला मिरवणूक निघाली. आणि काय सांगू, बँड वाजला! श्वास पुरत नव्हता, बटणं उघडी, पण सूर तसाच, ठेका तसाच. डोळे मिटले तर वीस वर्षांपूर्वीचा बँड. म्हाताऱ्या बायका गॅलरीत येऊन हात वर करून नाचायला लागल्या. कंपनीची एक बस अडकली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, शेवटी तोही ठेक्यात वाजवायला लागला, आणि आतली गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घातलेली मुलं खाली उतरून नाचू लागली. त्यात माझा एक ओडिशाचा भाडेकरू होता. तो मला बघून ओरडला, "अंकल, आप भी?"

आम्ही सगळे मात्र सरळ चालत होतो. पुढे बघत. उलटं चालायला कुणी नव्हतं, आणि तात्याचा खुळखुळा आक्कानं फोटोखाली ठेवला होता.

दादाची इमारत आली. पुढे गेलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं. पण तात्याचं वाक्य कानात होतं, आणि माझे पाय थांबले. बाळू येऊन माझ्या पाठीवर आदळला. त्यानं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ट्रंपेट वर केलं. बँड दादाच्या दारात उभा राहिला.

एक गाणं झालं. तेच पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दार हलेना. सातव्या वेळी ओंकार घोड्यावरून उतरून उसाचा रस पिऊन आला. शंकर डोळ्यांनी विचारत होता, आता पुरे का? मी मान हलवली नाही. आयुष्यात मी इतकं जीव तोडून वाजवलं नव्हतं. आणि आतून टीव्हीचासुद्धा आवाज येत नव्हता, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

आठव्या वेळी वरच्या गॅलरीत वहिनी आल्या, ओले केस पुसत. खाली वाकून म्हणाल्या, "भावजी, कुनासाठी वाजवताय?" मी क्लॅरिनेट तोंडातून न काढता दाराकडे मान केली. त्या हसायलाच लागल्या. "ते घरी कुटं हायेत? कवाच गेले. तुमच्यातच असतील की."

मी गर्रकन मागे वळलो.

बँडच्या मागे, पहिल्याच रांगेत, डोक्याला फेटा, दोन बोटांत रुमाल, दादा नाचत होता. नुसता नाचत नव्हता, तर माझ्या इमारतीकडे हात करून ओरडत होता, "आरं ये की बाहीर, किती भाव खातोय!" बँड थांबला म्हणजे कुणीतरी रुसलंय, इतकं त्याला कळलं होतं. दोन दारं एकाला एक लागून. त्याला वाटलं, माझ्याच घरातलं कुणीतरी आत बसलंय. मी वळलेला बघून तो जवळ आला आणि सात वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"तुजी बायकू रुसली व्हय?"

मी म्हणालो, "दादा, तुज्या दारात थांबलोय."

त्यानं स्वतःच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाळूच्या ट्रंपेटमधून तो जुना, भलताच आवाज निघाला, शंकर ढोलावर डोकं ठेवून हसायला लागला, आणि त्या हसण्यात गाणं कोसळलं. वहिनी वरून सगळ्या रस्त्याला झालेला प्रकार सांगत होत्या. शेजारीपाजारी, बसमधली मुलं, मुहूर्त हुकतोय म्हणून बघायला आलेले भटजीसुद्धा हसत होते.

तात्या असता तर हे झालं नसतं. त्यानं दादाला पहिल्या पावलालाच बघितलं असतं. रिकाम्या घरापुढे फुलपाखरू बँड आठ वेळा वाजवत उभा, अशी शोभा त्यानं होऊ दिली नसती. तेव्हा बाळूचं खरं होतं, हा तो बँड नव्हता. मला हसूही येत होतं आणि तात्याची आठवणही येत होती.

मी दादाला विचारलं, "तात्या तीनदा आला तवा उठला न्हाईस. आज कुनी न बोलावता कसा आलास?"

दादानं फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं.

"तवा तात्या हुता," तो म्हणाला. "कितीबी रुसून बसलो तरी त्यो येनार, ह्ये ठावं हुतं. आता आत बसलो तर काढाय कोन येनार हाय?"

"मी आलोय की," मी म्हणालो, आणि क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावलं.