येतां म्हणजे जातां

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी माझा जन्म झाला, त्यामुळे राज्य आणि मी एकाच वयाचे. राज्याला त्या वर्षी राजभाषा मिळाली, दर्जा मिळाला, सगळं एकदम मिळालं. मला माझ्या असण्याचं नाव कळायलाच एकतीस वर्षं लागली, आणि त्या नावाचा सरकारी कागद हातात पडायला आणखी दीड. कागदाच्या बाबतीत राज्याने मला साफ मागे टाकलं.

तोवर आईने माझा गाडा तीन नियमांवर हाकला. आमचं घर हरमलला, समुद्रापासून चार माड आत. मागच्या दोन खोल्या आई पाहुण्यांना भाड्याने देते आणि त्यांच्या चादरी मी इस्त्री करते. कडेला कड जुळवून अशी घडी घालते की पाहुण्यांना ती मोडवत नाही. चादरींशी माझं उत्तम जमतं. माणसांसाठी नियम लागतात.

पहिला नियम असा की कोणी ‘बरां मगो?’, म्हणजे बरी आहेस ना, असं विचारलं की हसून ‘बरां’ म्हणायचं, कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. हे मला फार उशिरा कळलं. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने दारात ‘बरां मगो’ म्हटलं की लहानपणी मी त्याला माझं पोट, कान आणि रात्रीची झोप यांचा सविस्तर अहवाल द्यायची. बिचारा सायकल धरून उभा राहायचा आणि पुढच्या वाड्याचे पाव थंड व्हायचे. दुसरा नियम त्याच जातीचा. ‘जेवलीस?’ विचारलं की ‘जेवलां’ म्हणायचं, जेवलेली असो वा नसो.

तिसरा नियम सगळ्यात अवघड. आमच्याकडे निघताना कोणी ‘जातां’ म्हणत नाही, ते अशुभ. निघणारा माणूस ‘येतां’ म्हणतो आणि जातो. मी सात वर्षांची असताना तेरेखोलची आत्या चहा घेऊन उठली, ‘येतां हां’ म्हणाली आणि गेली. मी तिच्यासाठी दुसरा चहा मागून घेतला आणि उंबऱ्यावर बसून राहिले. दिवेलागण झाली, चहावर साय धरली, आत्या काही आली नाही. ती तेव्हा फेरीबोटीतून नदीपलीकडे पोचलीही होती. मी एवढी रडले की आईने त्याच दिवशी नियम करून टाकला: जो उठून उभा राहतो आणि ‘येतां’ म्हणतो तो चालला. त्याची वाट बघायची नाही. आपणही उठायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

नियम मी पाळला, पण तो शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. जात असताना ‘येतां’ म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं. मी शाळेत निघताना खणखणीत ‘जातां’ म्हणायची. मग आई मला दारातून परत आत ओढायची, घोटभर पाणी पाजायची आणि म्हणायची, ‘तसां म्हणू नये गो.’ त्या पाण्यापायी माझ्या किती बस चुकल्या त्याचा हिशेब कंडक्टरलाच माहीत.

तर ह्या तीन नियमांवर तीस वर्षं छान निघाली, आणि मग माझे दात दुखायला लागले. मागच्या तीन दाढा एकदम. आई मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मी त्याच्या बोटाला कडकडून चावले. मुद्दाम नव्हे. डोळ्यांवर दिवा, नाकात लवंगेचा आणि रबराचा वास, कानात ती चरचर, आणि तेवढ्यात बोट समोर आलं. डॉक्टर भला माणूस. बोटाला पट्टी बांधता बांधता त्याने आईला माझ्याबद्दल दहा प्रश्न विचारले आणि एका मनाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. ‘ह्या दाढा जाग्या माणसाच्या काढायच्या नाहीत, मोठ्या इस्पितळात पूर्ण भूल देऊन काढाव्या लागतील,’ असंही म्हणाला. तो खर्च ऐकून आई परतीच्या वाटेवर बोटांवर हिशेब मोजत होती.

डॉक्टरीणबाईंनी तीन बैठका घेतल्या आणि सांगितलं की हिला ऑटिझम आहे, जन्मापासूनच. मराठीत स्वमग्नता. मला विलक्षण आनंद झाला. इतकी वर्षं मला हट्टी, शिष्ट, अर्धवट, आईच्या लाडाने बिघडलेली अशी नावं होती, आणि आता एकच, नीट, पुस्तकात छापलेलं. बाईंनी पुढचंही सांगितलं. सरकारी मंडळाने तपासून चाळीस टक्के किंवा वर अपंगत्वाचा दाखला दिला, तर त्यावर आरोग्य विम्याचं कार्ड मिळतं आणि महिन्याची मदतही. कार्ड मिळालं की दाढा निघतील. म्हणजे माझ्या तीन दाढा आता चाळीस टक्क्यांना लटकल्या होत्या.

आईने हे शेजारच्या काकीला गुपित म्हणून सांगितलं. काकीचा नवरा भजनात पेटी वाजवतो आणि त्याला कलाकार म्हणून सरकारकडून मदत मिळते. काकीने ‘ऑटिस्ट’ऐवजी ‘आर्टिस्ट’ ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं की सरकार मला आर्टिस्ट मानणार. काका पेटी घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, मुलाखतीत निदान दोन अभंग तरी म्हणून दाखवावे लागतात, चल, सूर धर. मी सूर धरला. पहिल्या अभंगानंतर काकांनी भाता बंद केला आणि आईला हळूच विचारलं की दुसरी एखादी कला नाही का हिच्याकडे. आईने चादरी दाखवल्या.

मंडळ म्हापशाच्या सरकारी इस्पितळात दर बुधवारी बसायचं. आम्ही पहिल्या बसने म्हापशाला निघालो. माझ्या गालाला सूज, कानात कापूस, त्यावर ओढणी, आणि मांडीवर कागदांची पिशवी. वाटेत आई मला तीस वर्षांची शिकवण विसरायला लावत होती. आज ‘बरां’ म्हणायचं नाही. आज कोणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं. मी विचारलं की कंडक्टरने विचारलं तरी का? ती म्हणाली, नाही, फक्त इस्पितळात. मी विचारलं, इस्पितळात म्हणजे फाटकापासून की दारापासून? आईने खिडकीबाहेर बघत देवाचं नाव घेतलं.

खोलीत एक वयस्क डॉक्टर होते. आमच्याच बाजूचे असावेत, बोली आमचीच होती. त्यांनी आईला एका कागदाची झेरॉक्स आणायला पाठवलं आणि मला खुर्ची दाखवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, अगदी पोदेराच्या सुरात म्हणाले, ‘कितां गो बाय, बरां मगो?’

माझं तोंड हसलं आणि म्हणालं, ‘बरां.’

मी बोलले नाही, तोंडच बोललं. तीस वर्षांचा सराव तो, सुजलेल्या गालाने थोडाच थांबतो. जेवलीस का, तर जेवलां. खरं तर दुखण्यामुळे आदल्या दुपारपासून पेजेवर होते. घरात काम करतेस का, तर करते. शेजाऱ्यांशी पटतं का, तर पटतं, हेही आईनेच कधीतरी शिकवलेलं. डॉक्टर लिहीत होते आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा असा निवांत होत गेला की मला कळेना, परीक्षा चांगली चालली आहे की वाईट. आता कळतं. माझ्या दाढा चाळीसच्या खाली घसरत होत्या आणि मी हसत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठून उभे राहिले, ‘येतां हां’ म्हणाले आणि बाहेर गेले.

उठून उभा राहिला, ‘येतां’ म्हणाला. तिसरा नियम. मी पण उठले, खुर्ची मेजाखाली सरकवली, पिशवी घेतली आणि आपल्या कामाला लागले. माझं पुढचं काम घरी जाणं हे होतं. आई दिसली नाही, पण आई हरवली तर हरमलच्या बसपाशी उभं राहायचं हे आमचं ठरलेलं. मी इस्पितळातून बाहेर पडले, भर बाजारातून भिंतीला धरून चालत बसस्टँडवर गेले आणि हरमलची बस लागते त्या खांबाला टेकून उभी राहिले. मंडळाचं काम एवढ्या पटकन आटोपलं म्हणून मी खूश होते.

अर्ध्या तासाने आई धावत येताना दिसली. हातात झेरॉक्स, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि मागून धापा टाकत इस्पितळाचा शिपाई. शिपायाने बाथरूम, औषधांची खिडकी आणि प्रसूतीचा वॉर्डसुद्धा शोधला होता. आई रागावलेली की हसते आहे ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, दोन्ही.

परत गेलो तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसून होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मी फोन घेवन येतां म्हटलां गो. तू खय गेली?’

‘तुमी उठले आनी येतां म्हटलां,’ मी सांगितलं. ‘येतां म्हणून परत येणारो माणूस मी आज पयलोच बघतां.’

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घालून तीनही नियम सांगितले, आत्याच्या चहापासून. ऐकता ऐकता डॉक्टर हसायला लागले. चष्मा काढला, डोळे पुसले, शिपाईही दारात तोंडावर हात धरून हसत होता, आणि मला नेमकं काय विनोदी आहे ते कळलं नाही तरी मीही हसले, कारण खोलीत सगळ्यांचं बरं चाललं होतं. मग डॉक्टर एकदम थांबले. आधी लिहिलेला कागद त्यांनी फाडला आणि नवा घेतला.

‘दात दुखतात?’

‘दुखतात.’

‘कितले दीस?’

‘दोन वर्सां.’

‘मगे मघाशी बरां कित्याक म्हटलां?’

‘तुमी बरां मगो विचारलां. दात दुखतात काय म्हणून विचारूक ना.’

ह्यावर ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले की आता आईने शिकवलेलं काही नको, तुझं तू सांग, मी बसलो आहे, आणि मी उठणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला नियमाशिवाय बोलायला सांगत होतं. मी सुटले. हरमलच्या रस्त्यावरच्या मोटारसायकली कानातून दातात कशा उतरतात ते सांगितलं. पोदेराने पाव गुंडाळायचा कागद बदलला म्हणून मी आठवडाभर पाव खाल्ला नाही ते सांगितलं. माणसं एकदम बोलू लागली की मला कुणाचाच शब्द धरता येत नाही, पाहुणे आले की मी चादरींच्या खोलीत दार लावून बसते, बँकेच्या खिडकीवर आई नसेल तर माझी सही बदलते. डोक्यावरचा पंखा मला त्यांच्या बोलण्याइतकाच मोठ्याने ऐकू येतो हेही सांगितलं. डॉक्टरांनी पंखा बंद करायला लावला. त्या उकाड्यात आई, शिपाई आणि डॉक्टर तिघेही माझ्यापायी घामाघूम झाले, पण कोणी उठलं नाही. आई तर बघतच राहिली होती. यातलं निम्मं तिलाही नवीन होतं, कारण ती रोज विचारायची आणि मी रोज ‘बरां’ म्हणायची.

दाखला महिन्याभराने आला. साठ टक्के. मला बारावीला छप्पन्न होते. आईने पेढे आणले आणि काकीने पेढा तोंडात टाकून वाड्यात जाहीर केलं की पोरगी फर्स्ट क्लासात पास झाली. आर्टिस्ट म्हणून की कशात, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पुढे महिन्याची मदत सुरू झाली, माझ्या नावाच्या पासबुकात. त्यासाठी दर वर्षी मी जिवंत आहे असं सही करून कळवावं लागतं. सरकारच्या सगळ्या प्रश्नांत हा एकच मला पहिल्या वाचनात कळतो, आणि उत्तरही खात्रीचं असतं.

आणि विम्याचं कार्ड आलं. त्यावरच्या फोटोत माझा गाल अजून सुजलेलाच आहे.

ऑपरेशनच्या दिवशी मला हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर निजवलं. आई खाटेची दांडी धरून दारापर्यंत चालत आली. त्या दारापुढे तिला येता येत नव्हतं. आईशिवाय मी कुठल्याही डॉक्टरच्या खोलीत नीट वागलेले नव्हते आणि आता तर झोपवणार होते. आईचे ओठ हलत होते. ती घाबरली होती, हे मला त्या दिवशी न विचारता कळलं. मीही घाबरले होते. खाट ढकलणारी बाई थांबली. मी काय म्हणणार हे आईला तीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं, आणि तिथे आत ओढून पाणी पाजायची सोय नव्हती.

मी म्हटलं, ‘आई, येतां.’

ती दांडी सोडायलाच विसरली. मग म्हणाली, ‘ये.’

जाग आली तेव्हा ती उशाशी होती. नर्सने वाकून विचारलं, बरां मगो? मी मान हलवून नाही म्हटलं. मग आईकडे वळले आणि एक शब्द बोलले, ‘आयलां.’ तोंडात कापसाचे बोळे होते, तरी तिला कळलं.